बाबांना ऐकू येईल अशी रिंगटोन

गेल्या डिसेंबरातल्या एका दुपारी मी बाबांना ११ वेळा फोन केला आणि अकराही वेळा तो वाजून वाजून बंद पडला. भाऊ आणि वहिनी कामावर, लालबागच्या चाळीत बाबा एकटे, वय ७४. शेजारच्या काकूंचा फोनही लागेना. शेवटी ऑफिसमधून अर्धी रजा टाकली, कांजूरमार्गला स्लो गाडी पकडली आणि करी रोडला उतरून जवळजवळ धावत चाळ गाठली. दार उघडंच होतं. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. फोन त्यांच्यापासून दोन हातांवर, खिडकीच्या फळीवर. मी दारातूनच नंबर लावला. फोन वाजला, मला अगदी स्पष्ट ऐकू आला. बाबांनी शांतपणे पेपरचं पान उलटलं.

आवाज पूर्ण वाढवलेला होता. फोन नवा, नामांकित कंपनीचा, स्पीकर ठणठणीत. म्हणजे दोष फोनमध्ये नव्हता. तो कुठे होता हे कळायला आणि त्यावर एक पैसाही खर्च न करता उपाय करायला मला पुढचे तीन रविवार लागले. ज्यांच्या घरी कमी ऐकू येणारं माणूस आहे त्यांना उपयोग होईल, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे विणायच्या खात्यात. १९७१ साली लागले, १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा इतर अडीच लाखांसारखे तेही बाहेर पडले, पुढे पुन्हा घेतलं तेही त्याच खात्यात. शेकडो साचे, म्हणजे माग, एकाच छपराखाली खडखडत असायचे. बाबा सांगतात, पाळीभर बोलणं म्हणजे हातवारे आणि ओठ. कानात कापसाचा बोळासुद्धा कुणी घालत नसे. अशा आवाजात वर्षानुवर्षं काढली की कानाचा जो भाग आधी मरतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे बारीक, उंच आवाजांचा. वयानेही उंच आवाजच आधी जातात. बाबांच्या वाट्याला दोन्ही आलं. दोन वर्षांपूर्वी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत त्यांच्या कानांची तपासणी केली होती, तो कागद माझ्याकडे होता. त्यातल्या आलेखात डावीकडे, म्हणजे २५० आणि ५०० हर्ट्झवर, रेघ बरी चालते, १००० पर्यंत ठीक, मग २००० पासून दरीत कोसळावी तशी खाली जाते. तो कागद मी तेव्हा फाइलला लावून विसरले होते. साखर म्हटलं की त्यांना ‘आखर’ ऐकू येतं, हे आम्हाला घरात सवयीचं झालं होतं. पण स आणि श जातात तिथेच फोनची घंटीही जाते, हे डोक्यात आलं नव्हतं. कानातलं यंत्र आहे, पण घरात ते काढून ठेवतात. भांडी आपटली की डोक्यात घण पडतो म्हणतात.

आधी भावाने प्रयत्न करून पाहिला होता, तोही सांगते. फुकट रिंगटोन शोधता शोधता त्याने बाबांच्या फोनवर काहीतरी दाबलं, मेसेज आला, होकार दिला गेला आणि लागली ती कॉलर ट्यून. ही गल्लत फार जण करतात. कॉलर ट्यून आपल्याला फोन करणाऱ्याच्या कानात वाजते, ती मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत असते. रिंगटोन आपल्याच फोनमध्ये असते, तिच्याशी कंपनीचा काही संबंध नाही आणि तिच्यासाठी कुणाला महिन्याचे पैसे द्यायचं कारण नाही. बाबांना काहीच ऐकू आलं नाही आणि बॅलन्स मात्र कमी होत राहिला. शेवटी १५५२२३ या नंबरवरून ती सेवा बंद केली. नको असलेल्या अशा सेवा बंद करायला हाच नंबर सगळ्यांना चालतो, लिहून ठेवावा.

मग मी फुकट रिंगटोनच्या साइट उघडल्या. एका पानावर डाउनलोडची पाच बटणं, त्यातली चार जाहिरातींची. एक ॲप उतरवलं तर त्याने पहिल्याच पायरीला कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि लोकेशन मागितलं. रिंगटोन वाजवायला माझ्या बाबांचं लोकेशन कशाला हवं? लगेच काढून टाकलं. शिवाय तिथली गाणी कुणाची आणि कुणाच्या परवानगीने ठेवलेली, याचाही पत्ता नसतो. आपण स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज आपला असतो, तिथे हे प्रश्नच येत नाहीत.

पहिल्या रविवारी मुलीचा लॅपटॉप घेऊन गेले. त्यात ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर होतं. त्यात हव्या त्या हर्ट्झचा सरळ सूर तयार करता येतो. २५०, ५००, १०००, १५००, २०००, ३०००, ४००० असे सात सूर बनवून बाबांच्याच फोनमध्ये टाकले, कारण लॅपटॉपच्या स्पीकरवर तपासून काही कळलं नसतं. बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागे दाराशी उभी राहून एकेक वाजवला. ऐकू आलं की बोट वर करायचं, तपासणीत करतात तसं.

२५० ला बोट नाही. यात कानाचा दोष नव्हता, मलाही तो जेमतेम ऐकू आला. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज बाहेरच पडत नाही. ५०० ला जरा थांबून बोट वर. १००० ला ताबडतोब. १५०० लाही. २००० ला मान तिरकी करून, शंकेने. ३००० वाजत होता, मला तो कानाला बोचत होता, आणि बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते. ४००० तर सोडाच.

त्या फोनची कंपनीने दिलेली रिंगटोन मग लॅपटॉपवर रेकॉर्ड करून आलेख काढला. ऑडॅसिटीत ॲनलाइझच्या खाली प्लॉट स्पेक्ट्रम आहे, त्यात आवाजाचा जोर कुठल्या हर्ट्झवर आहे ते दिसतं. सगळे उंचवटे २००० ते ४००० च्या मध्ये. तरण्या कानाला नेमके हेच आवाज सगळ्यात तीक्ष्ण लागतात, म्हणून टोन तशी बनवलेली असणार. माझ्या बाबांसाठी ती नसल्यासारखीच होती.

म्हणजे खाली फोन देऊ शकत नाही, वर बाबा घेऊ शकत नाहीत. मधली ५०० ते १५०० एवढीच पट्टी आपली. हे एकदा कागदावर लिहिलं आणि मग काय शोधायचं ते कळलं.

बाबा भजनातले. मी आधी पखवाज घेतला, मंडळातल्या एकाने वाजवून दिला. खोलीत काय घुमला! फोनवर मात्र धुमेचा, म्हणजे खर्जाच्या तोंडाचा, घुमारा सगळा गेला आणि उरलं नुसतं टकटक. टाळ तर उंच आवाजाचे, बाबांना ते आता समोर बसूनही पुसट लागतात. तेव्हा पलंगाखालची पेटी, म्हणजे हार्मोनियम, बाहेर काढली.

इथे थोडं मागे जाते. २००३ मध्ये भावाने बाबांना सेकंडहँड नोकिया ३३१० आणून दिला होता. त्यात कंपोजर होता. १ ते ७ या बटणांवर सात सूर, ८ ने सूर आखूड व्हायचा, ९ ने लांब, चांदणीच्या बटणाने सप्तक बदलायचं. सही करून पगार घेणारा आणि इंग्रजीतलं एक अक्षर न वाचणारा माणूस अर्ध्या तासात त्यात रमला, कारण १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, हे त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. त्यांनी भूप रागातली नऊ सुरांची एक ओळ बसवली होती: ग प ध सां, ध प ग रे सा. बटणांवर ३, ५, ६, वरचा १, मग ६, ५, ३, २, १. ती ओळ कित्येक वर्षं आमच्या चाळीत बाबांच्या खिशातून वाजायची. जिन्यात वाजली की बाबा आले म्हणून आई चहा टाकायची. फोन गेला, पुढचे फोन आले, ओळ विसरली गेली. म्हणजे आम्ही विसरलो. पेटी पुढे ओढल्यावर बाबांनी भाता हलवला आणि पहिल्यांदा तीच वाजवली.

रेकॉर्डिंग करताना काय सांभाळावं ते चुकतच शिकले. पहिल्यांदा फोन पेटीवरच ठेवला, तर सुरांपेक्षा पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा श्वास मोठा आला. मग एक हात अंतरावर, उशीवर ठेवला. पंखा बंद, टीव्ही बंद, खिडकी लावलेली, कारण खाली रस्त्यावर हॉर्न थांबत नाहीत. तिसरं रेकॉर्डिंग छान जमत आलं होतं आणि शेजारी कुकरची शिट्टी झाली. मी हात वर करून थांबवलं. बाबा म्हणाले, “काय झालां? चुकलंय काय?” शिट्टी त्यांना आलीच नव्हती. लॅपटॉपवर त्या जागी सुळक्यासारखी उभी रेघ होती. मी ती त्यांना दाखवली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

मध्य सप्तकात वाजवलेलं फोनवर टाकल्यावर आवाज बसका वाटला. बाबांनी मग पांढरी चारचा, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरून तार सप्तकात, पेटीच्या पार उजव्या टोकापर्यंत जात वाजवलं. हिशेब केला तर ते सूर साधारण ७०० ते १४०० हर्ट्झमध्ये पडतात. आपल्याला हवी होती तीच पट्टी.

आता काटछाट. बाबा भाता भरतात आणि मग सूर येतो, तेवढी सुरुवातीची जवळजवळ सेकंदभर शांतता माऊसने निवडून उडवली. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, १ नोव्हेंबर २०१९ ला ठरवून दिलंय की कुणी उचलला नाही तर मोबाइल ३० सेकंद वाजतो, लँडलाइन ६० सेकंद. मोरीतून खोलीत येऊन फोन हातात घ्यायला बाबांना १५ ते २० सेकंद लागतात. म्हणजे पहिल्या चार-पाच सेकंदांतच ऐकू आलं पाहिजे. गाण्याचा हळूहळू उमलणारा सुरुवातीचा तुकडा रिंगटोन म्हणून लावतात त्यांचा अर्धा वेळ तिथेच जातो. फोनच्या सेटिंगमध्ये आवाज हळूहळू वाढत जाण्याची सोय असेल तर तीही बंद करावी, मी केली.

मग ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टर कर्व्हने कापलं. फोन ते वाजवू शकत नाहीच, उगाच ताकद खातं. १००० च्या आजूबाजूला थोडं उचललं आणि नॉर्मलाइझ करून एकूण आवाज फाटणार नाही इतपत वर नेला. ओळ, मग सेकंदभर गप्प, मग पुन्हा ओळ, असं २५ सेकंदांपर्यंत जोडलं. मधली शांतता मुद्दाम ठेवली. सलग वाजणारा आवाज रस्त्याच्या घरघरीत मिसळून जातो, थांबून पुन्हा आलेला आवाज कान पकडतो. एमपी३ करून जतन केलं.

फोनमध्ये टाकणं सोपं, पण तिथेही दोनदा अडले. यूएसबी केबल लावल्यावर फोन नुसता चार्ज होत राहतो, वरची पट्टी खाली ओढून फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं. मग अंतर्गत स्टोरेजमधल्या रिंगटोन्स नावाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची, सेटिंगमध्ये साउंडच्या खाली रिंगटोनवर जायचं, तिथे यादीत ती दिसते. मी पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर पाठवून डाउनलोडमधूनच निवडली होती. लागली, वाजली, सगळे खूश. चार दिवसांनी भावाने जागा होत नाही म्हणून डाउनलोड रिकामं केलं आणि टोन पुन्हा कंपनीची झाली. पुन्हा दोन फोन चुकले तेव्हा कळलं. त्या फोनात टोन फाइलच्या मूळ जागेकडेच बघत असते, फाइल गेली की टोन गेली. म्हणून रिंगटोन्सच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

दुसरी अडचण वेगवेगळ्या माणसांना वेगळी टोन देताना आली. बाबांना नंबर वाचता येत नाही चश्म्याशिवाय, म्हणून मला, भावाला आणि गावच्या काकांना ओळखीच्या वेगळ्या टोन द्यायच्या होत्या. कॉन्टॅक्ट उघडून तीन टिंबांत रिंगटोन बदलण्याची सोय असते. बाबांच्या फोनवर ती दिसेचना. कारण सगळे नंबर जुन्या सिमवर साठवलेले होते, आणि सिमवर फक्त नाव आणि नंबर मावतो, टोन नाही. सगळे नंबर आधी फोनमध्ये घेतले, मग सोय दिसू लागली. मला त्यांनी तीनच सूर दिलेत, ग प सां.

भाऊ म्हणाला, अनोळखी नंबरांना कंपनीचीच जुनी टोन ठेवू, म्हणजे फसवणुकीचे फोन बाबांना ऐकूच येणार नाहीत. मोह झाला. म्हाताऱ्या माणसांना पोलीस असल्याचं सांगून घाबरवणारे फोन येतात, ती भीती खोटी नाही. पण घरचं कुणी दुसऱ्याच्या फोनवरून बोलत असेल तर? हॉस्पिटलमधून असेल तर? ठेवली नाही. त्याऐवजी अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही, हे बाबांना समोर बसवून तीनदा सांगितलं. घरात कुणाला ऐकू यावं आणि कुणाला येऊ नये हे आपण ठरवणं मला बरोबर वाटलं नाही.

पुण्याच्या मावसभावाला त्याच्या आयफोनवर आईसाठी असंच करायचं होतं. तिथे बरीच वर्षं गॅरेजबँड या मोफत ॲपमधून ३० सेकंदांच्या आतला तुकडा रिंगटोन म्हणून बाहेर काढावा लागायचा. आयओएस २६ पासून फाइल्स ॲपमधली छोटी ऑडिओ फाइल शेअर करताना थेट रिंगटोन म्हणून लावता येते. त्याने तसंच केलं, पाच मिनिटांत झालं.

एवढं करूनही फोन गोधडीवर पालथा पडला की आवाज दबतो, कारण स्पीकर खालच्या कडेला असतो. म्हणून फळीवर एक लाकडी ठोकळा ठेवलाय, फोन त्यावर, स्पीकरची कड मोकळी. व्हायब्रेशन चालू ठेवल्यामुळे फळीही थरथरते. बाबांच्या फोनमध्ये अँड्रॉइड १४ आहे, त्यात ॲक्सेसिबिलिटीखाली फ्लॅश नोटिफिकेशन मिळालं, फोन आला की कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतो. रात्री अंधारात याचा उपयोग होतो.

पहिल्या खऱ्या चाचणीला मी मुद्दाम घरी नव्हते. कांजूरमार्गहून फोन लावला आणि मनात मोजत राहिले. नवव्या सेकंदाला उचलला. पलीकडून ‘हॅलो’ नाही, थेट प्रश्न, “ह्यां माझांच मा?” मी म्हटलं, हो बाबा, तुमचंच. ते काही बोलले नाहीत. मागे रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता, आणि मग पेटीचा भाता उघडल्याचा आवाज आला.

आठ दिवसांनी त्यांचाच फोन. तक्रार होती. टोनमध्ये ओळ संपल्यावर जी शांतता आहे ती तालात नाही, पुढची ओळ समेवर येत नाही, फोन उचलायच्या आधी हाताला चुकल्यासारखं होतं. मी म्हटलं, किती ठेवू? पलीकडे मांडीवर हात पडत होता, भजनी ठेका. आठ सूर आठ मात्रा, शेवटचा सा दोन मात्रा, आणि मग सहा रिकाम्या, म्हणजे दोन आवर्तनं पुरी. मोजून पाहिलं तर एक सेकंदाऐवजी पावणेदोनच्या वर जागा हवी होती. त्या रविवारी पुन्हा लॅपटॉप घेऊन गेले. बाबा शेजारी बसून बोटांवर मात्रा मोजत होते आणि मी शांतता कापून कापून जोडत होते. पाचव्यांदा वाजवल्यावर त्यांनी मान हलवली.